शाफ्टच्या सीलला ग्रीस कोणते? आधी रबर पाहा, मग डबा

स्पेअर पार्टच्या दुकानात ग्रीस मागायला आलेले गिऱ्हाईक बहुधा रंग सांगते. 'लाल द्या', 'निळे आहे का?', 'ते पिवळे चिकटवाले द्या' अशी मागणी असते आणि दुकानदारही त्याच रंगाच्या डब्याला हात घालतो. वास्तविक ग्रीसचा लाल, निळा, हिरवा रंग हा कारखान्यात मिसळलेला असतो. एका कंपनीचे लाल ग्रीस आणि दुसऱ्या कंपनीचे लाल ग्रीस यांच्यात रंग सोडून काहीही सारखे नसेल, असे सहज होऊ शकते. गाडीच्या बेअरिंगच्या बाबतीत ही सवय पुष्कळदा खपून जाते. पण जेथे फिरणारा शाफ्ट पाण्यातून बाहेर येतो आणि नेमके त्याच जागी पाणी अडवायचे असते, तेथे ती महागात पडते. सील फुगते, शाफ्टवर खाच पडते, पंप पाणी सोडतो. बोट असेल तर ती चालताना नव्हे, रात्री काठाला बांधून ठेवली असतानाच थेंबाथेंबाने भरून बुडते.

वर्ध्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यात बोटीच्या शाफ्टची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे बोर, धाम आणि निम्न वर्धा प्रकल्पाचे जलाशय आहेत, वर्धा, वणा आणि यशोदा या नद्या आहेत. पण मासेमारीचे डोंगे बहुतेक वल्ह्यांवरच चालतात. यांत्रिक बोट आठवते ती पुरात. जुलै २०२२ मध्ये जिल्ह्यात मोठा पूर आला आणि पाण्याने वेढलेल्या वस्त्यांतील माणसांना बोटींनी बाहेर काढावे लागले. अशी बोट वर्षातले दहा महिने गोदामात पडून असते आणि एक दिवस अचानक तिला सुरू व्हावेच लागते. तिच्या पंख्याच्या शाफ्टचे सील कोरडे पडले आहे की ठीक आहे, हे त्या दिवशी पाहायला कोणाला वेळ नसतो.

परंतु हा विषय घेण्याचे आमचे मुख्य कारण वेगळे आहे. बोटीचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट ही एकाच घराची दोन दारे आहेत. बोटीत इंजिन आत आणि पंखा बाहेर पाण्यात. पंपात मोटार बाहेर आणि पंखा आत पाण्यात. दोन्हीकडे मधल्या भिंतीतून फिरता शाफ्ट जातो आणि दोन्हीकडे त्या भोकातून पाणी येऊ द्यायचे नसते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी येथे पंप, मोटार आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागिरांच्या हातून अशा ग्लँडी रोज जातात. ज्याला पंपाची ग्लँड नीट समजली त्याला बोटीची समजायला अर्धा दिवस पुरे. आणि ज्याने बोटीच्या सीलचे नियम समजून घेतले तो पंपाच्या सीलमध्येही गफलत करणार नाही, कारण बोटीचे नियम अधिक कडक आहेत.

पाणी अडवण्याच्या तीन तऱ्हा

सर्वांत जुनी तऱ्हा म्हणजे स्टफिंग बॉक्स. शाफ्टभोवती एक पोकळ डबी, तिच्यात ग्लँड दोरीचे चार-पाच वेढे आणि वरून ती दाबणारी ग्लँड. दोरी सुताची, अळशीच्या धाग्याची किंवा हल्ली टेफ्लॉनची असते. कोकणात हर्णे, दाभोळ, मिरकरवाडा या बंदरांत लाकडी ट्रॉलरवर ही रचना जुन्या खलाशांच्या पूर्ण परिचयाची आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा शाफ्ट, बुश आणि ग्लँड यांची कामे निघतात. आपल्याकडे विहिरीवरच्या जुन्या पट्ट्याच्या पंपांत हीच डबी असते आणि अनेकांवर वरून पिळायचा पितळी ग्रीस कप असतो.

दुसरी तऱ्हा रबरी ओठाच्या सीलची. आपण ज्याला ऑइल सील म्हणतो त्याचाच हा भाऊ. बोटीसाठी बनवलेल्या सीलमध्ये एकापुढे एक असे दोन किंवा अधिक ओठ असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत थोडे ग्रीस भरायचे असते. बाहेरच्या बाजूने पाणीच त्याला थंड ठेवते. येथे ग्रीसचे काम दुहेरी आहे. ओठ आणि शाफ्ट यांच्यात घर्षण कमी करणे हे एक, आणि गाळ ओठाखाली शिरू न देणे हे दुसरे.

तिसरी तऱ्हा मेकॅनिकल सीलची. कार्बनची एक चकती आणि सिरॅमिकची दुसरी, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. आजच्या मोनोब्लॉक पंपांत बहुधा हेच असते. यासंबंधी आम्ही एकच गोष्ट सांगू: त्या दोन चकत्यांच्या तोंडावर ग्रीस लावू नये. त्या घासल्या गेलेल्या जागी पाण्याचा केसाहूनही पातळ थर असतो आणि तोच त्यांचे वंगण असतो. ग्रीस लावले तर चकत्या नीट बसत नाहीत आणि धूळ मात्र चिकटते. बसवताना रबर सरकत नसेल तर साबणाचे पाणी वापरावे. म्हणजे 'या सीलला कोणते ग्रीस?' या प्रश्नाचे उत्तर काही वेळा 'कोणतेच नाही' असेही असते, आणि ते सांगणारा दुकानदार एक डबा कमी विकतो पण गिऱ्हाईक गमावत नाही.

बोटीत आणखी एक जागा अशी आहे. शाफ्ट बाहेर पडतो त्या टोकाला, पंख्याजवळ, खाचा असलेले रबरी बेअरिंग असते. त्या लांब खाचांतून पाणी वाहते आणि तेच बेअरिंगला थंड ठेवते व गाळ धुऊन नेते. त्या खाचांत ग्रीस ठासले की पाण्याची वाट बंद होते आणि बेअरिंग जळते. गंमत अशी की या रबरी बेअरिंगचा जन्म बोटीत झालेला नाही. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील शेरवूड नावाच्या एका खाण अभियंत्याने खाणीतल्या पंपाचे धातूचे बुश वारंवार झिजते म्हणून त्या जागी रबरी नळीचा तुकडा बसवून पाहिला. तो धातूपेक्षा कितीतरी जास्त टिकला. मग तीच युक्ती जहाजांकडे गेली. पंपाच्या मिस्त्रीने बोटवाल्यांना शिकवलेली ही गोष्ट आहे.

ग्रीस म्हणजे साबणात अडकलेले तेल

ग्रीस हे घट्ट तेल नव्हे. तेल वेगळे असते आणि ते धरून ठेवणारा पदार्थ वेगळा असतो. पाण्याने भिजलेला स्पंज डोळ्यांसमोर आणावा. दाब पडला की पाणी सुटते, दाब गेला की ते पुन्हा शोषले जाते. ग्रीसमध्ये स्पंजाचे काम करतो तो बहुधा एक प्रकारचा साबण असतो. हा साबण कशाचा, यावर त्या ग्रीसची पाण्यापुढची आणि उष्णतेपुढची वागणूक ठरते.

सोडियमचा साबण असेल तर ते ग्रीस कोरड्या जागी चांगले चालते, पण पाण्यात ते हात धुण्याच्या साबणासारखेच वागते. फेसाळते, पांढरे होते आणि वाहून जाते. शाफ्टच्या सीलजवळ त्याचे काम नाही. कॅल्शियमचा साबण, म्हणजे जुन्या लोकांचे कप ग्रीस, पाण्याला दाद देत नाही. पंपाच्या पितळी कपांत पिढ्यान् पिढ्या तेच भरले गेले ते याचमुळे. त्याची खोट एवढीच की साध्या कॅल्शियम ग्रीसची बांधणी थोड्या पाण्याच्या आधारावर टिकलेली असते. तापमान साठ अंशांच्या पलीकडे सारखे राहू लागले की ते पाणी निघून जाते आणि तेल व साबण वेगळे होतात. हल्ली पाण्याशिवाय बनवलेले सुधारित कॅल्शियम ग्रीसही मिळते, ते शंभर अंशांच्या आसपासही टिकते.

लिथियमचे ग्रीस १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाले आणि आज बाजारात सर्वाधिक खपते ते हेच. आपल्या गॅरेजांत 'एपी थ्री' किंवा 'एमपी थ्री' म्हणून जे मागितले जाते ते बहुधा लिथियमचेच असते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ७६२३ हे मानक लिथियम ग्रीससाठीच आहे. ते सुमारे १८० अंशांपर्यंत वितळत नाही आणि पाण्याच्या शिंतोड्यांना बऱ्यापैकी तोंड देते. मात्र सतत वाहत्या पाण्याखाली ते हळूहळू धुतले जाते, हे लक्षात ठेवावे. पाण्यात बुडून राहणाऱ्या आणि गंजाचा धोका असलेल्या जागेसाठी आज सर्वांत खात्रीचे समजले जाते ते कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीस. ते महाग असते. खाऱ्या पाण्यात त्याची किंमत वसूल होते. गोड्या पाण्यातल्या साध्या पंपाला त्याची गरज क्वचितच पडते, असे आमचे मत आहे.

येथे एक गोष्ट आपल्या व्यापारी वाचकांसाठी. लिथियम ग्रीसमधला तो साबण ज्या आम्लापासून बनतो ते एरंडेल तेलावर प्रक्रिया करून काढतात. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यात मोठा वाटा गुजरातचा आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी बैलगाडीच्या आसाला लावलेले वंगण एरंडेलाचे होते आणि आज जपान-जर्मनीच्या डब्यांतून येणाऱ्या ग्रीसच्या पोटातही तेच बी आहे. गाडीला टांगलेली वंगणाची नळी गेली, एरंड गेला नाही.

डब्यावर साबणाच्या नावाबरोबर एक आकडा असतो. १, २, ३ असा हा आकडा घट्टपणाचा आहे, दर्जाचा नाही. तीन नंबर दोनपेक्षा 'भारी' असे पुष्कळ जण समजतात, तसे काही नाही. २५ अंश तापमानाला एक ठराविक वजनाचा शंकू पाच सेकंद ग्रीसमध्ये रुतू देतात आणि तो किती खोल गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजतात. २६५ ते २९५ आला तर नंबर दोन, २२० ते २५० आला तर नंबर तीन. ओठाच्या सीलला नंबर दोन योग्य. पिळण्याच्या कपाला उन्हाळ्यात नंबर तीन चालते. थंडीत मात्र ते कपातून पुढे सरकतच नाही आणि कारागीर समजतो की ग्रीस संपले नाही, म्हणजे पंपाला लागलेच नाही.

सीलचे रबर कोणते?

आता मुख्य मुद्दा. पाण्यात टिकणारे चांगल्या कंपनीचे ग्रीस आणले, आकडाही बरोबर निवडला, तरी सील महिनाभरात फुगून जाऊ शकते. कारण रबर एकाच जातीचे नसते आणि प्रत्येक जातीचे एका विशिष्ट तेलाशी वैर असते.

नायट्राइल हे काळे रबर ऑइल सीलमध्ये सर्रास वापरले जाते. त्याच्यावर एनबीआर अशी अक्षरे असतात. खनिज तेलाचे कोणतेही नेहमीचे ग्रीस, लिथियमचे असो वा कॅल्शियमचे, त्याला चालते. ईपीडीएम हे रबर दिसायला अगदी तसेच काळे, पाण्यात आणि उन्हात उत्तम टिकणारे. पण खनिज तेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि ओठाची धार जाते. साध्या नैसर्गिक रबराचेही तसेच. या दोघांना सिलिकॉन तेलाचे ग्रीस लागते. आणि सील स्वतःच सिलिकॉन रबराचे असेल तर उलट नियम: त्याला सिलिकॉन ग्रीस लावू नये, ते आपल्याच जातीच्या तेलाने फुगते. फ्लोरोकार्बनचे, म्हणजे एफकेएम अक्षरांचे रबर तेलाला घाबरत नाही, पण ते महाग असल्याने या कामात कमी दिसते.

बोटीचे सील विकणाऱ्या कंपन्या आपले स्वतःचे छोटे ट्यूबमधले ग्रीस बरोबर देतात आणि तेच वापरा असे लिहितात. त्यात विक्रीचा हेतू असतो हे खरे. पण त्यात रबराची जात जपण्याचा हेतूही असतो. ट्यूब मिळत नसेल तर त्याच ग्रीसचा प्रकार विचारून घ्यावा: तेल खनिज की सिलिकॉन, साबण कशाचा, आकडा किती. या तीन गोष्टी जुळल्या तर दुसऱ्या कंपनीचे ग्रीस चालायला हरकत नसावी.

सीलवर अक्षरे नसतील, आणि जुन्या सीलवर ती बहुधा पुसलेली असतात, तर घरच्या घरी पाहण्याची एक रीत आहे. जुन्या सीलचा एक तुकडा कापावा. व्हर्नियरने त्याची जाडी मोजून लिहून ठेवावी. मग तो जे ग्रीस वापरायचे आहे त्यात पूर्ण बुडवून, झाकण लावून, आठवडाभर उबदार जागी ठेवावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची फळी हीच उबदार जागा. आठवड्याने पुसून पुन्हा जाडी मोजावी आणि नखाने दाबून पाहावे. तुकडा जाड झाला, चिकट झाला किंवा नख रुतू लागले तर ते ग्रीस त्या रबराला देऊ नये. याला पैसा लागत नाही, फक्त आठवडा लागतो. ज्या दुकानात दर महिन्याला पाच-दहा सीले बसवली जातात त्याने आपल्याकडच्या दोन-तीन ग्रीसांवर ही पाहणी एकदा करून निकाल भिंतीवर लिहून ठेवला तर पुढे कोणाला विचारावे लागणार नाही.

सिलिकॉन ग्रीसविषयी दोन सूचना. ते रबराला चांगले, पण धातूवर धातू घासतो तेथे त्याचे वंगण दुबळे पडते; म्हणून बेअरिंगमध्ये भरू नये. आणि ज्या गॅरेजमध्ये गाड्यांना रंग देण्याचे काम चालते तेथे ते जपून हाताळावे. त्याचा बोटभर डाग पत्र्याला लागला तरी वरचा रंग तेथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आपले पाणी आणि आपले ऊन

पुस्तकांतले नियम बहुधा थंड देशांतल्या समुद्रासाठी लिहिलेले असतात. वर्ध्याची गोष्ट दोन बाबतींत निराळी आहे.

पहिली म्हणजे ऊन. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्यावरच्या पंपाचे लोखंड हाताला धरवत नाही, म्हणजे पंप सुरू होण्याआधीच ते साध्या कॅल्शियम ग्रीसच्या सीमेला पोचलेले असते. अशा जागी कपात तेल वर तरंगलेले आणि खाली कोरडा चोथा दिसतो. कारागीर म्हणतो ग्रीस नकली होते. कधी ते असतेही. पण पुष्कळदा ते खरे असून जागा चुकीची असते. सावलीतल्या, विहिरीच्या आतल्या कठड्यावरच्या पंपाला तेच ग्रीस वर्षभर चालले असते. उन्हातल्या पंपाला लिथियमचे किंवा सुधारित कॅल्शियमचे ग्रीस द्यावे.

दुसरी म्हणजे काळी माती. पावसाळ्यात वर्धा आणि वणा नद्यांचे पाणी जो गाळ आणते तो ग्लँड दोरीत शिरला की ती दोरी पॉलिश पेपर बनते. शाफ्टवर गोल खाचा पडतात आणि मग जगातले कोणतेही ग्रीस ती गळती थांबवू शकत नाही; शाफ्ट लेथवर चढवून स्लीव्ह बसवावी लागते. नदीवरच्या पंपाला आणि पुरात चालणाऱ्या बोटीला म्हणूनच ग्रीस थोडे थोडे पण वारंवार लागते. आतून बाहेर सरकणारे ग्रीस गाळाला आपल्याबरोबर बाहेर नेते.

समुद्रकिनाऱ्यावर कामाला जाणाऱ्या आपल्या तरुण कारागिरांनी तिसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रॅफाइटची काळी ग्लँड दोरी येथे गोड्या पाण्यात चालून जाते. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टवर ती वापरू नये. खारे पाणी, ग्रॅफाइट आणि स्टील एकत्र आले की बॅटरीच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि शाफ्ट खाल्ला जातो. तेथे ग्रॅफाइट नसलेली दोरी आणि ग्रॅफाइट नसलेलेच ग्रीस.

आणि पाणी पिण्याचे असेल तर? वर्धा शहराला धाम नदीचे पाणी मिळते. सीलचे ग्रीस थोडे थोडे पाण्यात जातच असते. अमेरिकेने डिसेंबर २०१३ पासून मोठ्या जहाजांच्या शाफ्टसाठी, शक्य असेल तेथे, पाण्यात सहज विघटन होणारे वंगण वापरण्याची अट घातली. आपल्या छोट्या बोटीला आणि पंपाला अशी अट नसली तरी पिण्याच्या पाण्यावरच्या पंपाला काळे, वासाचे किंवा मोकळे विकले जाणारे ग्रीस भरू नये. त्यासाठी अन्नाच्या यंत्रांना चालणारे पांढरे ग्रीस वेगळे मिळते.

दुकानात घेताना आणि विकताना

१८ किलोची बादली उघडून त्यातून पाव-अर्धा किलो कागदात किंवा पिशवीत देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. गरीब शेतकऱ्याला अख्खा डबा परवडत नाही, त्यामुळे ती बंद होईल असे नाही आणि व्हावी असेही आम्ही म्हणत नाही. पण त्यात दोन दोष येतात. झाकण उघडे राहिलेल्या बादलीत धूळ पडते. हिंगणघाटसारख्या जिनिंगच्या गावात धुळीबरोबर रुईचे तंतूही. ते सीलच्या ओठाखाली गेले की गळतीची वाट तयार होते. दुसरा दोष असा की पिशवीवर नाव नसते. शेतकरी पुढच्या वेळी दुसरीकडून दुसरे ग्रीस नेतो आणि त्यावरच भरतो. दोन वेगळ्या साबणांचे ग्रीस एकत्र आले की कधी कधी दोन्हीही पातळ होऊन वाहू लागतात. विशेषतः लिथियममध्ये मातीचे, म्हणजे बेंटोन ग्रीस मिसळले तर. उपाय साधा आहे. पिशवीवर पेनाने 'लिथियम ३' किंवा 'कॅल्शियम २' एवढे लिहून द्यावे. दोन शब्दांना शाई किती लागते? आणि ग्रीस बदलायचेच असेल तर जुने पूर्ण काढावे. रबर पुसायला रॉकेल किंवा डिझेल नको. कापड आणि साबणाचे पाणी पुरे.

अनोळखी ग्रीस पाण्यात टिकेल का, हे तळहातावर कळते. सुपारीएवढे ग्रीस आणि चमचाभर पाणी घेऊन मिनिटभर चोळावे. फेस आला, हात दुधी झाला आणि ग्रीस सैल पडले तर ते पाण्याच्या जागी वापरू नये. पाणी थेंबाथेंबाने बाजूला राहिले आणि ग्रीस हाताला चिकटून राहिले तर ठीक. उन्हात टिकेल का, हे पाहायला पत्र्याच्या झाकणावर थोडे ग्रीस ठेवून मेच्या दुपारी बाहेर ठेवावे. कडेने तेलाची बारीक रेघ सुटणे स्वाभाविक आहे. तेलाचे तळे झाले तर नाही. काळ्या ग्रीसबद्दल आमचा आक्षेप असा की ते पाण्याने बिघडले तरी डोळ्याला दिसत नाही. फिकट ग्रीस दुधी झाले की लगेच कळते, सीलमधून पाणी आत आले आहे.

भरायचे किती?

या बाबतीत हात सैल सोडण्याची सवय आहे. ग्रीस गनचा दाब मोठा असतो. ओठाच्या सीलमध्ये गन लावून दोन-चार वेळा जोरात दाबली तर ओठ उलटा होतो. बोटीच्या लहान सीलला वर्षाला साधारण एक घन सेंटिमीटर, म्हणजे लहान चमच्याचा टोकाचा भाग, एवढेच ग्रीस कंपन्या सांगतात, आणि तेही ओठांच्या मधल्या पोकळीत. बोट पाण्यात उतरवल्यावर सील हाताने दाबून आतली हवा बाहेर काढावी लागते. पाण्याचे दोन-चार थेंब आले की हवा गेली. हे विसरले तर ओठ कोरडे फिरतात आणि पहिल्याच तासात जळतात. मग दोष ग्रीसच्या माथी येतो.

ग्लँड दोरीच्या डबीत वेगळा हिशेब. दोरीचे प्रत्येक वेढे शाफ्टच्या मापाच्या दांड्यावर गुंडाळून तिरपे कापावे आणि जोड एकमेकांसमोर येऊ न देता बसवावे. अख्खी दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून ठासणे हा आळस आहे; पाणी त्याच वाटेने गोल फिरत बाहेर येते. प्रत्येक वेढ्याला ग्रीसचा हलका हात द्यावा. ग्लँडचे नट आळीपाळीने, सारखे आवळावे. चालू असताना बोटीच्या ग्लँडीतून मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत, पंपाच्या ग्लँडीतून त्याहून बरेच जास्त. थेंब अजिबात बंद करण्याच्या नादात नट आवळत राहिले की दोरी जळते आणि शाफ्ट निळा पडतो. डबीवर हात ठेवून पाहावा. कोमट असेल तर ठीक, हात काढून घ्यावा लागला तर नट सैल करावेत. ग्रीस कप दिवसाच्या शेवटी हात थोडा जड लागेपर्यंत पिळावा. रात्रीची गळती त्याने थांबते.

आता पुराच्या बोटीकडे पुन्हा. ती बहुधा मागे टांगलेल्या पेट्रोल इंजिनाची असते. तिच्या पंख्याच्या वरच्या गिअर डबीत ग्रीस भरू नये, तेथे गिअर ऑइलच लागते. ग्रीस लागते ते दोन ठिकाणी: नवे सील बसवताना ओठावर हलका हात, आणि शाफ्टच्या दातेरी भागावर पाण्यात टिकणाऱ्या ग्रीसचा थर, नाहीतर पंखा शाफ्टवर गंजून बसतो आणि पुढच्या वेळी हातोड्याशिवाय निघत नाही. पंखा काढला की त्यामागे जरूर पाहावे. जलाशयात मासेमारीचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळला जातो आणि हळूहळू सीलचा ओठ चाकूसारखा कापतो. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब काचेवर घ्यावेत. तेल ताकासारखे दिसले तर सील गेलेले आहे. नुसते तेल बदलून भागणार नाही. पाऊस सुरू होण्याआधी, मेच्या अखेरीस, ही तपासणी करून घेतली तर सील मागवायला आणि बसवायला अजून पंधरा दिवस हातात असतात.